ग्रामीण रुग्णालयातील मनोविकार ओपीडी : १४ महिन्यांच्या उपचारांनंतरचा अभिप्राय

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक महिन्यातून दोन बुधवारी येते आणि मनाच्या आजारांची ओपीडी चालवते. गेले १४ महिने मी तेथे नैराश्यावर उपचार घेत आहे. कपाशीचे वाण, ट्रॅक्टर, पंप दुरुस्त करणारा मिस्त्री यांच्याबद्दल आपण एकमेकांना मोकळेपणाने सांगतो. या ओपीडीबद्दल मात्र जे तेथे जातात ते बोलत नाहीत आणि जे कधी गेले नाहीत ते ऐकीव गोष्टी सांगतात. म्हणून हा अभिप्राय जरा सविस्तर लिहीत आहे. रुग्णालयाचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही, कारण मला तक्रार नोंदवण्यापेक्षा सेवेची ओळख करून द्यायची आहे आणि ज्याला शोधायचे आहे त्याला आपल्या तालुक्याचे रुग्णालय ठाऊकच असते.

मी गावच्या शाखा डाकघरात डाकपाल आहे आणि घरी सहा एकर कापूस-तुरीची शेती आहे. दिवसाचा जो हिशेब मी २० मिनिटांत जुळवत असे, त्याला दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात दीड-दीड तास लागू लागला. पहाटे ३ वाजता जाग यायची आणि उजाडेपर्यंत छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटायचे. त्या वर्षी पोळ्याला बैलांच्या शिंगांना रंग द्यायला मी गोठ्यात गेलो, रंगाचा डबा उघडला आणि ब्रश हातात धरून तसाच बसून राहिलो. किती वेळ गेला ते समजले नाही. शेवटी मुलाने येऊन माझ्या हातातला ब्रश घेतला आणि काहीही न विचारता दोन्ही बैलांची शिंगे रंगवली. मला दुःख होत होते असेही म्हणता येणार नाही. सणाच्या दिवशी दारात उभ्या असलेल्या सजलेल्या जोडीकडे पाहून मनात काहीच उमटत नव्हते, आणि त्या काहीच न उमटण्याची मला अतोनात भीती वाटत होती.

पुढचे चार महिने इतरांचे जातात तसेच गेले. अशक्तपणा आहे असे समजून एका खाजगी दवाखान्यात ताकदीच्या सलाईन लावून घेतल्या, त्यात सहा हजारांच्या वर रुपये गेले. आई म्हणाली, "बाबू, एकदा बाहेरचंही पाहून घेऊ," आणि तिच्या समाधानासाठी लिंबू-नारळही झाले. आईला मी दोष देत नाही. आपले मूल उठत नाही, जेवत नाही, आणि डॉक्टर 'काही नाही, सगळे नॉर्मल आहे' म्हणतो, तेव्हा तिच्या अनुभवाच्या जगात जे उपाय होते ते तिने केले.

या ओपीडीचा पत्ता मला फोनवर मिळाला. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली असून १४४१६ हा तिचा क्रमांक आहे. तो २४ तास चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येते. रात्री दीड वाजता मी तो लावला तेव्हा पलीकडच्या बाईंनी माझे म्हणणे मध्ये न तोडता ऐकून घेतले आणि झोप, भूक, काम, घरात कोण कोण आहे, आत्ता शेजारी कोण आहे, असे एकेक विचारत गेल्या. माझ्या तोंडून 'टेन्शन' हा एकच शब्द पुन्हा पुन्हा निघत होता. त्यांनी तो शब्द खोडून न काढता त्याच्या आत काय काय आहे ते माझ्याकडूनच काढून घेतले आणि शेवटी तालुक्याच्या रुग्णालयात कोणत्या दिवशी डॉक्टर येतात ते सांगितले. ज्यांना थेट रुग्णालयात पाऊल टाकणे जड जाते त्यांनी सुरुवात या फोनपासून करावी, असे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. ज्यांना जगणे नकोसे होत असेल त्यांनी तर बुधवारची वाट पाहू नये. त्याच घटकेला हा क्रमांक लावावा आणि घरातल्या एका माणसाला जवळ बसवावे.

आता प्रत्यक्ष ओपीडीविषयी. माझ्या दृष्टीने तिचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तिची जागा. ताप, खोकला, मधुमेह, गरोदर बायांची तपासणी आणि कुत्रा चावल्याची लस यांच्या रांगा ज्या व्हरांड्यात असतात, त्याच व्हरांड्यात ही खोली आहे. केसपेपर त्याच खिडकीवर मिळतो आणि औषधेही त्याच खिडकीवर मिळतात. आमच्या भागात मनाच्या आजाराचे नाव काढले की लोकांच्या डोळ्यांपुढे १८६४ साली सुरू झालेले नागपूरचे मनोरुग्णालय येते, ज्याला सगळा विदर्भ अजून 'पागलखाना' म्हणतो. 'याला आता नागपूरला न्या' या वाक्याचा अर्थ गावात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. त्या रुग्णालयात बरे होऊन घरी येणारी माणसे असतात, हे त्या वाक्यात कुठेच नसते. अशा मुलखात बीपीच्या गोळ्या घ्यायला आलेल्या म्हाताऱ्याच्या शेजारी त्याच बाकावर बसून नंबर येण्याची वाट पाहता येणे, याने माझी निम्मी लाज पहिल्याच दिवशी गेली.

पहिल्या भेटीत आधी वजन आणि बीपी झाले, मग पथकातील समाजसेवकांनी घरची, शेतीची, कामाची माहिती घेतली आणि त्यानंतर मनोविकारतज्ज्ञांनी तपासले. गेल्या दोन आठवड्यांत असे किती दिवस वाटले, अशा नऊ प्रश्नांची एक यादी असते. झोप, भूक, थकवा, कामातील रस, एकाग्रता, स्वतःविषयीची निराशा आणि मरणाचे विचार अशा गोष्टी त्यात येतात आणि उत्तरांचे गुण ० ते २७ यांच्यामध्ये मोजतात. माझे १९ आले. परीक्षेत कमी गुण मिळाले की वाईट वाटते, येथे जास्त मिळाले आणि मला मोठा आधार वाटला, कारण जे मी आळस आणि नालायकी समजत होतो ते मोजता येते, त्याला नाव आहे आणि ते कमी करता येते, हे मी प्रथमच पाहत होतो. रक्तही तपासायला घेतले, कारण थायरॉइड कमी असला तरी माणूस असाच मंद आणि उदास होतो, असे डॉक्टरांनी सांगितले. माझा थायरॉइड ठीक निघाला.

मरणाचे विचार येतात का, हे डॉक्टरांनी मला सरळ विचारले. असे विचारल्याने माणसाच्या डोक्यात नको ते भरते, असा आपल्याकडे समज आहे. तो खोटा आहे. सहा महिने जे कोणी विचारले नव्हते ते एका अनोळखी माणसाने शांत आवाजात विचारले, आणि मी 'हो' म्हटले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मग त्यांनी माझ्या पत्नीला आत बोलावून फवारणीची औषधे घरात कुठे ठेवता ते विचारले. त्याच संध्याकाळी ती सगळी औषधे थोरल्या भावाच्या वाड्यात गेली आणि किल्ली वहिनींकडे राहिली, ती आजही त्यांच्याकडेच आहे. शेतकऱ्याच्या घराला मनोविकारतज्ज्ञाने द्यायचा याहून उपयोगी सल्ला मला माहीत नाही, आणि तो द्यायला दोन मिनिटे लागली.

गोळ्यांविषयी गावात जेवढे गैरसमज आहेत तेवढे दुसऱ्या कशाविषयीही नसतील. 'त्या झोपेच्या गोळ्या असतात, एकदा सुरू झाल्या की सुटत नाहीत' हे मला किमान १० जणांनी सांगितले. मला दिलेली एसिटालोप्रामची गोळी झोपेची नाही आणि तिची नशेसारखी ओढही लागत नाही. मात्र ती आपल्या मनाने एकदम बंद करू नये, ती डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करावी लागते. पहिला आठवडा मळमळ आणि पोटात जळजळ होती, फायदा मात्र कणभरही दिसत नव्हता. नेमक्या याच दिवसांत पुष्कळ लोक गोळी सोडतात, आणि मीही सोडणार होतो. पण पथकातील सिस्टरांनी कागदी पाकिटावर आपल्या हाताने 'दोन ते चार आठवडे लागतात, सोडू नका' असे लिहून दिले होते, ते पाकीट रोज सकाळी हातात येत असे. चौथ्या आठवड्यात एका पहाटे जाग आली तेव्हा ५ वाजून गेले होते. त्या दिवशी मी न्याहारीला दुसरी भाकर मागितली आणि पत्नी चुलीपाशी तोंड फिरवून बराच वेळ उगीचच राख सारखी करत राहिली.

पाचव्या महिन्यात बरे वाटू लागले म्हणून मी कोणाला न विचारता गोळ्या बंद केल्या. तीन दिवसांत चक्कर आणि चिडचिड सुरू झाली आणि महिन्याभरात जुने सगळे परत आले. डॉक्टर रागावले नाहीत. बरे वाटू लागल्यानंतरही सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवायची असते, हे त्यांनी पुन्हा एकदा समजावून सांगितले आणि मी पुन्हा सुरुवात केली. वाचणाऱ्याने माझ्या या चुकीतून एवढे घ्यावे की त्याचा एक खरीप वाचेल.

आता उणिवा सांगतो, आणि त्या लहान नाहीत. माझ्या दुसऱ्या भेटीच्या दिवशी गर्दी होती आणि रांगा लावणाऱ्या एका कर्मचाऱ्याने संपूर्ण व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटले, "पागलवाल्याईनं इकडच्या बाकावर बसा." माझ्या शेजारी विशीतली एक मुलगी आपल्या आईबरोबर बसली होती. तिने ओढणी कपाळापर्यंत ओढली, आईचा हात धरला आणि दोघी उठून फाटकाबाहेर निघून गेल्या. त्यानंतर मी त्यांना तेथे कधी पाहिले नाही. ती मुलगी किती लांबून आली असेल, घरात काय सांगून आली असेल, किती महिन्यांनी तिच्या आईने धीर केला असेल, आणि हे सगळे एका हाकेने संपले. मी त्याच दिवशी वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी तक्रार दिली. त्यानंतर खोलीच्या क्रमांकाने आणि केसपेपरच्या नंबराने हाक मारण्याची पद्धत सुरू झाली आणि ती आजतागायत टिकून आहे, याची नोंद मी समाधानाने करतो. पण ती मुलगी परत आली नाही.

खोलीचे दार दिवसभर उघडे असते आणि पुढचा रुग्ण मागच्याच्या खांद्यापाशी येऊन उभा राहतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ ने मनाच्या आजाराच्या रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे, आणि तो देण्यासाठी येथे एक पडदा आणि दारापाशी एक माणूस एवढे पुरेसे आहे. दोन वेळा गोळ्यांचा साठा संपलेला होता आणि बाहेरून घ्याव्या लागल्या. हेही व्हायला नको, कारण अत्यावश्यक यादीतील औषधे ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीपासून वर सर्व वेळ मोफत मिळाली पाहिजेत, असे त्याच कायद्याच्या कलम १८ मध्ये आहे. एकदा पथकाचा बुधवार रद्द झाला आणि ते आम्हाला फाटकावर पोहोचल्यावर समजले. ज्याची मजुरी बुडते आणि एसटीचे तिकीट वाया जाते त्याला असा एक फेरा पुढच्या तीन भेटी विसरायला लावतो. समुपदेशनाला गर्दीच्या दिवशी १० मिनिटेही मिळत नाहीत. जेव्हा मिळाली तेव्हा मला त्याचा गोळीइतकाच उपयोग झाला, म्हणून ही उणीव जास्त टोचते.

खर्च जवळजवळ नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, आणि बरोबर येणाऱ्या पत्नीला एसटीत अर्धे तिकीट लागते.

या सेवेला पाचपैकी चार गुण द्यावेत असे मला वाटते. कापलेला एक गुण पूर्णपणे दाराचा आणि साठ्याचा आहे, माणसांचा नाही.

तरीही व्हरांड्यात गर्दी पाहिजे तेवढी नसते. माझ्या गावातून या ओपीडीला येणारा मी बराच काळ एकटाच होतो, आणि गावात नैराश्य फक्त मलाच होते असे मुळीच नाही. याचे एक कारण आपल्या भागाच्या दुःखातच आहे असे मला वाटते. विदर्भात मनाच्या दुखण्याचा विचार कर्जाच्या वाटेने होतो. माझ्यावर बँकेचे मोठे कर्ज नव्हते, महिन्याचा ठरलेला पैसा होता, म्हणून माझे दुखणे कोणाला पटतच नसे. शेजारच्या काकांनी मला दोनदा विचारले, "कर्ज ना बिर्ज, मंग तुले टेन्शन कायचं?" आणि त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नसल्याने मी स्वतःलाच ढोंगी समजू लागलो होतो. ज्याच्यावर खरोखर कर्ज आहे त्याचे नुकसान तर याहून मोठे होते. त्याची झोप गेली, त्याने बोलणे सोडले, तो जेवणावरून उठून जाऊ लागला, तरी लोक म्हणतात की कर्ज आहे, दुसरे काय होणार. म्हणजे त्याचा आजार हा आजार म्हणून कोणाला दिसतच नाही. शेतकऱ्याच्या मृत्यूनंतर मदतीसाठी जी चौकशी होते तिच्यात कर्ज, नापिकी आणि वसुलीचा तगादा पाहून प्रकरण पात्र की अपात्र ते ठरते. त्या माणसाची झोप केव्हापासून गेली होती आणि त्याला कोणी डॉक्टरकडे नेले होते का, हे दोन प्रश्न तो जिवंत असताना विचारायचे असतात. कर्जाची आणि पिकाच्या भावाची लढाई वेगळी आहे, ती लढलीच पाहिजे. पण ती संपेपर्यंत माणसाने औषधाविना राहावे, असा तिचा अर्थ होत नाही.

दुसरी भीती सोयरिकीची. 'त्याच्या घरात पागलपण आहे' हे एकदा पाहुण्यांच्या कानावर गेले की मुलीचे जमत नाही, या धास्तीने कित्येक घरे रुग्णाला दाराआड ठेवतात. माझी मुलगी बारावीला आहे, तेव्हा ही धास्ती मला कागदावरची नाही. आम्ही घरात बसून ठरवले की लपवायचे नाही आणि गाजवायचेही नाही. कोणी विचारले तर साखरेची गोळी चालू आहे असे ज्या आवाजात सांगतात त्याच आवाजात सांगायचे. पहिल्यांदा हे आईने सांगितले, तेही मंदिरात, आणि घरी येऊन म्हणाली, "काही नाही झालं, सगळ्या गप ऐकत होत्या."

सेवा दाराशी आली आणि माणसाने माणसाला सांगितले तर लोक येतात, हे आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात दिसलेले आहे. तेथील ३० गावांमध्ये 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांशी त्यांच्या भाषेत बोलायचे, समुपदेशकाने सौम्य त्रासावर काम करायचे आणि गरज असेल त्यांना मनोविकारतज्ज्ञांपर्यंत पोहोचवायचे, अशी त्याची रचना होती. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांसाठी कोणाकडे गेलेल्यांचे प्रमाण सुरुवातीला ४.३ टक्के होते, ते दीड वर्षात २७.२ टक्क्यांवर गेले. ही आकडेवारी २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. आमच्याकडे असे कार्यकर्ते आले नाहीत. आमच्या आशाताईंना मात्र मी स्वतः जाऊन ओपीडीचे दिवस लिहून दिले आणि डाकघराच्या फळ्यावर, आधारच्या आणि बचत खात्याच्या सूचनांखाली, १४४१६ हा क्रमांक खडूने लिहिला. पावसाने फळा पुसला गेला की मी तो पुन्हा लिहितो.

एकदा पैसे काढायला आलेला, माझ्याहून १० वर्षांनी लहान असलेला एक शेतकरी सही करून झाल्यावरही खिडकीपाशी तसाच उभा राहिला. मागे कोणी नाही असे पाहून त्याने फळ्याकडे बोट न करता, नुसती मान वळवून विचारले, "भाऊ, तो नंबर कायचा हाय?" मी त्याला सांगितले आणि मी स्वतः कोठे जातो तेही सांगितले. तो काहीच बोलला नाही. त्यानंतरच्या चौथ्या बुधवारी तो मला बसस्थानकावर दिसला आणि आम्ही एकाच बसने गेलो. आता आमच्या गावातून तिघे जातात.

जाणाऱ्यांनी पाळावे असे थोडेसे. केसपेपर साडेनऊच्या आत काढावा, कारण ११ नंतर रांग हलत नाही. आधी घेतलेल्या सगळ्या औषधांची पाकिटे, झोपेच्या आणि दुखण्याच्या गोळ्यांसह, पिशवीत टाकून न्यावीत. दारूची सवय असेल तर ती डॉक्टरांना खरी सांगावी, त्यावर गोळी ठरते. पहिल्या वेळी घरातले एक माणूस बरोबर असावे, शक्यतो असे की जे आपल्याऐवजी बोलणार नाही. गोळ्या संपण्याच्या आठ दिवस आधी सिस्टरांना फोन करून साठा आहे का ते विचारावे आणि त्याच फोनवर पथक नक्की येणार का तेही विचारावे. बाक व्हरांड्याच्या डाव्या टोकाला आहे, पाणी प्यायच्या नळाच्या अलीकडे. दुपारी तेथे ऊन येते, म्हणून उन्हाळ्यात दुपट्टा बरोबर ठेवावा.